उसात सापडलेली पिल्लं, न आलेली आई आणि विमानाचा प्रश्न

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज लिहायलाच बसलोय.

गेल्या हंगामात आमच्या मळ्यात उसाची तोड चालू होती. मळा मार्कंडेय नदीच्या काठाला, बेळगावजवळच्या काकतीपासून फार लांब नाही. तोडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला टोळीतली एक बाई कोयता टाकून ओरडली. मी ट्रॉलीपाशी होतो, पळत गेलो. पाचटाच्या खळग्यात दोन पिल्लं. घरच्या मांजरीच्या पिल्लाहून थोडी थोराड, डोळे उघडलेले पण नजर निळसर, धुरकट. ठिपके एकमेकांत मिसळल्यासारखे, अजून नीट सुटे झालेले नव्हते. एक पिल्लू दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं खुपसत होतं. आवाज म्याव नव्हे, करवत हळू ओढल्यासारखा.

आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. "वाघाची पिल्लं सापडली" म्हणून अर्ध्या तासात गाव गोळा झालं. एकानं उचलून मांडीवर घेतलं, दुसऱ्यानं फोटो काढले. आमच्या आईनं माणुसकीनं गाईचं दूध कोमट करून कापसाच्या बोळ्यानं पाजलं. मीही अडवलं नाही. मलाही तेच बरोबर वाटत होतं.

फॉरेस्टचा गार्ड साडेबाराला आला. आल्या आल्या सगळ्यांना बांधाबाहेर काढलं, तोड थांबवली, टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाट घालून पिल्लं त्याच खळग्यात ठेवली आणि समोर कॅमेरा लावला. रात्री दोनच्या पुढं आई आली. एक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. दुसऱ्याला न्यायला ती परत आली असती असं तो गार्ड आजही म्हणतो. पण तेवढ्यात रस्त्याकडनं चारपाच जण बॅटऱ्या आणि ट्रॅक्टरचा उजेड मारत "बघायला" आले. ती परत आली नाही. त्यानंतर दोन रात्री वाट बघितली. राहिलेल्या पिल्लाला हगवण लागली होती. चौथ्या दिवशी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवली आणि जीपमधून त्याला नेलं.

माझी पुतणी सातवीत आहे. तिनं मोबाईलवर पांढऱ्या अस्वलाचं आई नसलेलं पिल्लू विमानातून प्राणिसंग्रहालयात नेतात ते बघितलं होतं. मला म्हणाली, "काका, सांबऱ्याला विमान आहे की. आपल्या पिल्लाला जीपमधून का नेलं?" मला उत्तर देता आलं नाही. सांबऱ्याचा विमानतळ घरापासून तासाभरावर. अशी पिल्लं विमानानं चांगल्या मोठ्या ठिकाणी पाठवली तर त्यांचं भलं होईल का? कुणाला यातली माहिती असेल तर सांगा. त्या पिल्लाचा चेहरा डोळ्यापुढनं जात नाही.

शहापूरची_वैशाली

दादा, वाचून पोटात तुटलं. तुमच्या पुतणीचा प्रश्न मलाही पडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानानं ग्वाल्हेरला उतरले, तिथून हेलिकॉप्टरनं मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले, ते तर हवाई दलाच्या मोठ्या विमानातून. जुलै २०२५ मध्ये बन्नेरघट्टा प्राणिसंग्रहालयातले चार हत्ती बेंगळुरूहून जपानला विमानानं गेले. हत्तीला विमान मिळतं आणि किलोभराच्या पिल्लाला खड्ड्यातनं जीप?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला तेव्हाचे दिवस आठवा. आसपासच्या बावीस शाळा बंद. माझा मुलगा त्यातल्याच एका शाळेत. सक्रेबैलच्या छावणीतले हत्ती आणले, तरी तो बिबट्या सापडला नाही. शहराच्या एवढ्या जवळ ही जनावरं आहेत म्हणजे आई मेलेली, हरवलेली पिल्लं पुढंही सापडणारच. त्यांच्यासाठी सोय नको का?

किणयेचा_पोरगा

काका, मी मूळचा किणयेचा, सध्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतो. तुमच्या पुतणीनं बघितलं तसलं एक प्रकरण मला नीट माहीत आहे.

मार्च २०१३. अलास्काच्या वायव्य किनाऱ्याला पॉइंट ले नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका शिकाऱ्यानं अस्वल मारलं. तिथल्या मूळ रहिवाशांना पोटापुरती शिकार करायची मुभा आहे. जवळ गेल्यावर कळलं की ही दूध पाजणारी मादी आहे. त्या माणसानं बर्फातल्या पावलांवरून माग काढत तिची गुहा शोधली आणि आतलं पिल्लू बाहेर काढलं. त्या गावाचं जुनं नाव कली, तेच पिल्लाला दिलं. कलीला विमानानं अँकरेजच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. मे महिन्यात तिथून मालवाहू विमानानं बफेलोला, न्यूयॉर्क राज्यात, कारण तिथं त्याच्याच वयाचं एक मादी पिल्लू एकटं वाढत होतं. २०१५ मध्ये तो सेंट लुईसला गेला.

पण त्या पॉइंट लेला बाहेरून रस्ताच जात नाही. तिथं विमान म्हणजे आपल्याकडची वडाप. किराणा विमानानं येतो, आजारी माणूस विमानानं जातो, म्हणून पिल्लूही विमानानं गेलं. शिवाय पांढऱ्या अस्वलाचं पिल्लू दोन-अडीच वर्षं आईबरोबर राहून शिकार शिकतं. आई मेली की ते बर्फावर जगत नाही, दुसरी मादी त्याला सहसा घेत नाही. तिथं आई मेलेली डोळ्यांनी बघितली होती. आपल्या उसात आई दोनशे पावलांवर दबा धरून बसलेली असते.

सांबरा_कार्गो

घर सांबऱ्याचं म्हणून हे नाव घेतलंय, नोकरी मात्र दुसरीकडं केली. एका मोठ्या विमानतळावर अकरा वर्षं मालवाहतुकीत होतो, त्यातली सहा जिवंत जनावरांच्या बाजूला. दादा, प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो.

विमानानं जनावर नेणं म्हणजे पिंजरा उचलून आत ठेवणं नव्हे. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, तिचं जिवंत जनावरांसाठी जाडजूड नियमपुस्तक आहे. कुठल्या जातीला कसला पिंजरा, किती उंच, हवा कुठून, सगळं त्यात. रानटी जनावरांच्या व्यापारावरच्या साइटीस या जागतिक करारातही विमानवाहतुकीसाठी तेच नियम धरतात. बिबट्यासारख्या जनावराला आत उभं राहता, वळता, पडता आलं पाहिजे, पण धडका मारण्याइतकी जागा नको. भोकं अशी की हवा जाईल, पंजा बाहेर येणार नाही. पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता आलं पाहिजे. खाली ओल शोषणारं अंथरूण. बाहेरून गोणपाट सोडायचं, कारण अंधारात जनावर गप्प बसतं.

कागदावर त्याचा कोड असतो एव्हीआय. वैमानिकाला लेखी कळवावं लागतं की पोटात जिवंत जनावर आहे, म्हणजे तो त्या कप्प्याचं तापमान सांभाळतो. शेजारी सुका बर्फ ठेवत नाहीत, त्याच्या वायूनं जनावर गुदमरतं. सगळ्यात शेवटी चढवायचं आणि सगळ्यात आधी उतरवायचं.

आणि गुंगीचं इंजेक्शन शक्यतो द्यायचं नाही. लोकांना वाटतं झोपवून नेलं की सोपं. वर हवेचा दाब कमी, गुंगीत रक्तदाब उतरतो, अंगाची उष्णता सांभाळता येत नाही, ओकारी झाली तर मान वळवता येत नाही. त्यापेक्षा सवय लावतात. वैशालीताईंनी लिहिलेल्या त्या चार हत्तींना आधी कित्येक महिने रोज पिंजऱ्यात आत-बाहेर करायला शिकवलं होतं. त्यांच्याबरोबर डॉक्टर आणि सांभाळणारी माणसंही गेली.

आता पिल्लाकडं येतो. प्रवासी विमानाच्या पोटात ठेवलेल्या जनावराकडं उडताना कुणालाही जाता येत नाही, तिकडं दारच नसतं. दर तीन तासाला दूध लागणाऱ्या पिल्लाला तिथं कोण पाजणार? मालवाहू विमानात वरच्या मजल्यावर ठेवलं तर माणूस जवळ जाऊ शकतो, पण असली विमानं बेळगावला रोज येत नाहीत. बेळगाव ते बेंगळुरू रस्त्यानं पाचशे किलोमीटर. उड्डाण तासाभराचं. त्याच्याआधी दोन-तीन तास माल ताब्यात देणं, तपासणी, मग ढकलगाडीवर वाट बघणं, उतरल्यावर पुन्हा तेच.

त्या ढकलगाडीबद्दल सांगतोच. एप्रिल महिना होता. विमानाला उशीर झाला आणि एक कुत्र्याचा पिंजरा विमानं उभी राहतात तिथं कडेला उन्हात चाळीस मिनिटं राहिला. मी दुसऱ्या बाजूला होतो, येईपर्यंत त्याची जीभ बाहेर पडून जांभळी झालेली. पत्र्याला हात लावला तर भाजला. पाण्यानं भिजवून, सावलीत ओढून वाचवला. त्या दिवसापासून मी जनावराच्या पिंजऱ्याला आधी हात लावून बघतो, मग कागद वाचतो. विमान वर गेलं की फार काही होत नाही. घात होतो तो जमिनीवरच्या वाट बघण्यात.

मार्कंडेयकाठ

सांबरा_कार्गो, हे सगळं मी पुतणीला वाचून दाखवलं. ढकलगाडीचं ऐकून ती बराच वेळ बोलली नाही.

पशुवैद्य_खानापूर

मी गुरांचा डॉक्टर, पण खानापूर तालुक्यात असल्यामुळं रानातली जनावरंही हाताखालनं गेली आहेत.

दादा, आधी तुमच्या मनातलं एक काढून टाकतो. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, हे खरं नाही. जुन्नर भागात उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं कितीतरी वेळा परत आईकडं दिली आहेत. माणिकडोहला त्यासाठी केंद्र आहे, वनखातं आणि वाईल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. तिथल्या पिल्लांना डॉक्टरांनी हाताळलेलं असतं, तपासलेलं असतं, तरी रात्री आई येऊन घेऊन जाते. तुमच्या आईच्या हाताचा वास आड आला नाही. आड आला तो उजेड आणि गलका. आई पिल्लं एकेक करून नेते, दोन्ही एकदम तोंडात मावत नाहीत. पहिलं ठेवून परत यायच्या वेळेलाच बॅटऱ्या आल्या.

दुधाचं मात्र लक्षात ठेवा. मादी बिबट्याच्या दुधात चरबी आणि प्रथिनं भरपूर, साखर कमी. गाईच्या दुधात उलट. म्हणून हगवण लागते आणि इवलंसं पिल्लू दोन दिवसांत सुकतं. त्याहून वाईट म्हणजे माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजणं. दूध फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. पोटावर, मान किंचित वर, असंच पाजतात. पाजल्यावर ओल्या कापसानं मागून पुसावं लागतं, आई चाटते तसं, तेव्हा ते लघवी करतं. पण हे वाचून कुणी घरी करू नका. पहिल्या रात्रीपुरतं पिल्लू उबेत ठेवलं, तपासायला माणूस बोलावला, एवढंच करा.

कायद्याचंही सांगतो. बिबट्या, अस्वल, हत्ती हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. रानातलं जनावर सरकारची मालमत्ता धरली जाते, हाती आलं तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्याकडं पाठवायचं तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. म्हणून "आज सापडलं, उद्या सांबऱ्याहून पाठवलं" असं होत नाही, आणि होऊही नये. नव्या जनावराला वेगळं ठेवून रोगराई बघावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळ भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात तीसहून जास्त काळवीटं घटसर्पानं (गुरांना होतो तो जंतूंचा रोग) गेली, ते सगळ्यांनी वाचलं असेल. बंदिस्त जागेत एक जंतू शिरला की काय होतं ते त्या आठवड्यात दिसलं. आईचं दूध पोटात न गेलेल्या पिल्लाची तर प्रतिकारशक्तीच अपुरी. त्याला जितके हात, जितकी गाव-शहरं, तितका धोका.

अनाथ हा शब्दही जपून वापरायला हवा. आई मेलेली बघितली, ती रस्त्यावर गाडीखाली आली, फासात सापडली, तर पिल्लू अनाथ. फडात पिल्लू एकटं दिसलं एवढ्यानं ते अनाथ होत नाही. ती दिवसा दूर असते, तिला शिकार करायची असते. आणि ठिपके नसलेलं, कानाला केसांचं टोक असलेलं पिल्लू असेल तर ते बिबट्याचं नव्हेच, रानमांजराचं. तेही उचलू नका.

शहापूरची_वैशाली

डॉक्टर, पटतंय. तरी एक राहतं. आई मेलेलीच असेल तर? दादांचं दुसरं पिल्लू आता कायमचं पिंजऱ्यात. मग ते जिथं चांगलं वाढेल अशा लांबच्या ठिकाणी नेण्यात काय चूक?

पशुवैद्य_खानापूर

ताई, चूक नाही. फक्त आधी ते जवळच्या जवळ स्थिर व्हावं. दूध सुटावं, वजन वाढावं, लशी व्हाव्यात. त्यानंतर त्याला जोडीदार दुसरीकडं असेल, जागा तिकडं मोठी असेल, तर विमान हे कधीकधी रस्त्यापेक्षा बरं. तीन दिवस ट्रकमध्ये हेलपाटण्यापेक्षा सहा तासांत पोचलेलं केव्हाही चांगलं. अलास्कातल्या कलीलासुद्धा आधी अँकरेजला दोनेक महिने सांभाळलं, मगच लांब पाठवलं.

नंदगडकर

आमच्या बाजूला अस्वलांचं वेगळं आहे, ते मांडतो. भीमगड अभयारण्य आमच्या तालुक्यात, हेम्माडगा, गवाळी, आमगाव या गावांभोवतीचं रान. आमचे आजोबा रानात जाताना मुद्दाम खाकरत जायचे, कारण अस्वलाला ऐकू आलं तर ते आधीच बाजूला होतं. आमच्या अस्वलाची पिल्लं गुहेतनं बाहेर पडली की आईच्या पाठीवर बसून हिंडतात. मी स्वतः पहाटे जांबोटीच्या रस्त्याला बघितलंय, दोन पिल्लं केसांना घट्ट धरून, एक तोंड पुढं करून, एक मागं. आई मेली तर ती तिथंच मढ्याला चिकटून बसतात.

ऊस तोडताना क्रेटमध्ये ठेवून आईची वाट बघायचा उपाय तिथं नाही. पण सगळी पिल्लं पिंजऱ्यातच गेली पाहिजेत असंही नाही. अरुणाचलात पक्केच्या रानात काळ्या अस्वलाच्या पिल्लांचं केंद्र आहे. तिथं सांभाळणारा माणूस रोज पिल्लांना रानात फिरायला घेऊन जातो. काय खायचं, कुठं चढायचं ते पिल्लं आपली आपण शिकतात, हळूहळू रात्री रानातच राहायला लागतात. आसामात काझीरंगाजवळच्या केंद्रात पुरात आयांपासून तुटलेली गेंड्याची पिल्लं वाढवून पुढं मानसच्या रानात सोडली. आपल्या पश्चिम घाटात असं काही उभं राहिलं तर पिल्लाला बेंगळुरू गाठायची गरजच पडणार नाही. मला विमानापेक्षा याची आस आहे.

कोयत्याची_लेक

मी निपाणीजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. माझे आईवडील बीडकडून बेळगाव जिल्ह्यात ऊसतोडीला यायचे. मी फडातच लहानाची मोठी झाले.

सगळ्यांनी पिल्लाचं लिहिलं, पिल्लू पहिलं कुणाला दिसतं ते कुणी लिहिलं नाही. कोयता चालवणाऱ्या बाईला दिसतं. खाली वाकून तीच बुडखा धरते. आई जवळ असेल तर पहिला पंजाही तिच्याच अंगावर. मार्कंडेयकाठ दादा, तुमच्याकडं तोड थांबली त्या दिवसांत टोळीनं काय खाल्लं? मजुरी टनावर असते. फड बंद म्हणजे पैसे बंद. म्हणून कितीतरी टोळ्या पिल्लं दिसली की गुपचूप बांधावर ठेवतात आणि तोड पुढं चालू. जागा बदलली की आईला ती सापडत नाहीत. माझ्या आईनं एकदा असंच केलं होतं. रात्रभर खोपीजवळनं मादीचा आवाज येत होता. आईनं मला छातीशी धरून ठेवलं होतं, आणि ती रडत होती. तेव्हा मला वाटलं ती घाबरली म्हणून रडते.

मार्कंडेयकाठ

ताई, तुमचं वाचून लगेच लिहायला हात उचलला नाही. तीन दिवसांची मजुरी मी दिली होती, पण ती मुकादमानं मागितल्यावर दिली. आधीच सांगितलं असतं तर त्या बाईनं ओरडायच्या ऐवजी थेट मलाच हाक मारली असती, गाव गोळा झालं नसतं.

कोयत्याची_लेक

दादा, होय. एवढंच हवं असतं. "पिल्लं दिसली तर थांबा, हजेरी मिळणार" हे पहिल्या दिवशी सांगायचं. मग टोळीच राखण करते.

सांबरा_कार्गो

आणि फोन आधी. आपल्याकडं ११२ ला लावून वनखात्याला कळवायला सांगायचं. चंदगडच्या बाजूला मळा असेल तर महाराष्ट्राच्या वनखात्याचा १९२६. सीमेवर टॉवर कुठला पकडतोय ते बघून गावाचं आणि तालुक्याचं नाव आधी सांगायचं, नाहीतर फोन या राज्यातनं त्या राज्यात फिरत बसतो. तेवढ्यात दिवस मावळतो.

मार्कंडेयकाठ

मंडळी, चार गोष्टी कळवतो.

परवा पुतणीला घेऊन त्या पिल्लाची चौकशी करायला गेलो होतो. ते ज्या प्राणिसंग्रहालयात आहे तिथं आत सोडत नाहीत, ते बरोबरच आहे. सांभाळणारे काका बाहेर येऊन बोलले. मादी आहे. हगवण थांबायला बारा दिवस लागले. आता कोंबडीचा खिमा खाते, गोणपाट फाडते, आणि कुणी जवळ आलं की वरच्या फळीवर जाऊन बसते. रानात सोडता येईल का, विचारलं. ते म्हणाले, "आईशिवाय वाढलेल्याला शिकार कोण शिकवणार आणि माणसाची भीती कोण घालणार?" वर्षभरानं तिला दुसरीकडं पाठवायचं झालंच तर कशानं नेणार, असं पुतणीनं विचारलं. ते म्हणाले, जे सगळ्यात कमी वेळ घेईल त्यानं. पिंजऱ्याची सवय आत्तापासूनच लावताहेत, खायला पिंजऱ्यातच ठेवतात, दार उघडं.

यंदाची टोळी आली आहे. मुकादमाबरोबर बसून ठरवलं. फड एका कडेनं तोडत जायचा, मधनं सुरू करायचा नाही, म्हणजे जनावराला पलीकडं निघून जायला वाट राहते. पिल्लं दिसली तर जागेवरच ठेवायची, पाचट वर ओढायचं, मला हाक. तोड बंद राहील त्या दिवसांची मजुरी ठरलेली. गावात रस्त्याला दोघं उभे राहणार, रात्री गाडीचा उजेड फडाकडं वळू द्यायचा नाही. त्या रात्री बॅटरी घेऊन आलेल्यांपैकी एक जण स्वतःहून त्यातला झालाय.

दोन क्रेट धुऊन, गोणपाट घालून पंपाच्या खोलीत ठेवलीत. पुतणीनं त्यांच्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलंय: "पिल्लांसाठी. टोमॅटो भरू नये."